परांची उभी असतानाच

इमारत तीस वर्षांची झाली की गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी तिचे स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. तडे, गळती, गंजलेल्या सळया यांची नोंद होते. मग दुरुस्ती निघते, परांची चढते, सभासद पदरमोड करून पैसे भरतात. त्याच इमारतीत वीज कुठे वाया जाते, हे मात्र कोणी तपासत नाही. माझ्या मते जुन्या वास्तूंत ऊर्जाबचत अडते ती तंत्रज्ञानापायी नव्हे. वेळ चुकल्यामुळे अडते. निव्वळ वीज वाचवण्यासाठी पुन्हा परांची बांधायला कोणतीच सर्वसाधारण सभा तयार होणार नाही.

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. २००९ मध्ये तिथे ऊर्जाबचतीचे काम जाहीर झाले, ते आधीच ठरलेल्या मोठ्या नूतनीकरणाला जोडूनच. ऊर्जावापर सुमारे ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट होते. साडेसहा हजार खिडक्या उतरवून, इमारतीतच थाटलेल्या कार्यशाळेत त्या नव्याने बांधल्या. बहुतेक काच जुनीच वापरली. खिडक्या सुधारल्यावर आत येणारी उष्णता घटली आणि थंडाव्याची जुनी यंत्रे बदलून मोठी घेण्याऐवजी तीच दुरुस्त करून भागले. आपल्याकडे नेमका हा क्रम उलटा होतो. आधी एसी येतो, छत तसेच तापत राहते.

वरच्या मजल्यावर एप्रिल-मे काढलेल्यांना हे सांगायला नको. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत असतो. गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघालेच आहे, तर वर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक घालावे, शक्य तिथे खाली उष्णतारोधक थर द्यावा. कोबा फोडण्याचा खर्च तसाही होणारच असतो.

पंपाच्या खोलीत तर एकदा सगळ्या समितीने जाऊन उभे राहावे. पाण्याची टाकी जेवढ्या उंचीवर आहे, त्याहून कितीतरी जास्त हेडचा, म्हणजे पाणी त्याहून खूप वर चढवू शकणारा पंप ‘असू दे, जोर राहील’ म्हणून बसवलेला असतो. मग मोटरवर भार येऊन ती ट्रिप होते, म्हणून व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवतात. विकत घेतलेली वीज पंप पाण्यात भरतो आणि व्हॉल्व्ह ती तिथेच संपवतो, रोज, वर्षानुवर्षे. मोटर जळली की रिवाइंडिंग. ते ढिसाळ झाले की कार्यक्षमता आणखी खाली. अशा वेळी पुन्हा वाइंडिंग करण्याऐवजी हेड मोजून योग्य मापाचा पंप घ्यावा. मोटर जळण्याआधीच दरपत्रक हाताशी हवे, कारण पाणी बंद झाल्यावर शांतपणे निवड करायला कोणालाच सवड नसते.

पंख्यांचा हिशेब तर सोपा आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, ब्रशलेस डीसी मोटरचा, म्हणजे बीएलडीसी, तीसच्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे साधारण १६० युनिट वाचतात. भाड्याच्या घरात मात्र पंखा मालकाचा आणि बिल भाडेकरूचे. तिथे हा हिशेब कोणीच मांडत नाही.

आपले नियमही प्रामुख्याने नव्या बांधकामाकडे पाहतात. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता २००७ ची, निवासी इमारतींसाठीची इको निवास संहिता २०१८ ची. जुन्या वस्तीला उत्तर म्हणून पुनर्विकासच पुढे केला जातो. धोकादायक इमारत पाडलीच पाहिजे, त्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण मजबूत इमारत पाडताना तिच्या सिमेंट-पोलादात एकदा खर्ची पडलेली ऊर्जा राडारोड्यात जाते आणि तेवढी किंवा त्याहून अधिक नव्याने लागते. विकासकाच्या प्रस्तावात हा आकडा कुठेच नसतो.

राज्य सरकारने स्ट्रक्चरल ऑडिटसोबत ऊर्जा ऑडिटही उपविधींत बंधनकारक करावे. तोवर सभासदांनी थांबू नये. पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव येईल, तेव्हा त्याच ठरावात गच्ची, पंप आणि जिन्यातले दिवे यांची तपासणी घालून घ्या, आणि ती कंत्राटदाराशी करार होण्यापूर्वी करून घ्या.