भीतीला कामाला लावा

आजारी लेकराच्या उशाशी बसलेली प्रत्येक आई मनातल्या मनात एक सौदा करत असते. याचं दुखणं मला येऊ दे आणि हा मोकळा होऊ दे. मग ती कडाकडा बोटं मोडते, मीठ-मोहरी उतरवते, देवाला नारळ बोलते. पण हा सौदा आजवर कुणाचा झालेला नाही. मुलाचं दुखणं मुलालाच काढावं लागतं. मग आईबापाच्या हाती उरतं काय?

माझ्या मुलाचे टॉन्सिल काढले तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मला थोडंथोडं सापडत गेलं. थिएटरच्या दाराबाहेर नाही, घरी आल्यावर.

टॉन्सिलचं ऑपरेशन लोकांच्या लेखी किरकोळ असतं. ‘काही नाही हो, मुलांना आइस्क्रीम खायला मिळतं, मजा असते त्यांची,’ असं चार जण तरी सांगतातच. थिएटरमधलं काम साधारण तासाभरात उरकतंही. खरी कसोटी पुढच्या दोन आठवड्यांची असते, आणि ती घरात होते. टॉन्सिल काढलेल्या जागी सहसा टाके घालत नाहीत. दोन्ही बाजूंना उघडी जखम राहते आणि ती आतून भरत यावी लागते. तिच्यावर पांढरट-पिवळा थर धरतो, तोंडाला वास येतो. बॅटरी धरून घशात डोकावलं की पू झाल्यासारखं वाटतं. भेटायला आलेली शेजारीण तसं बोलूनही दाखवते. पण तो पू नसतो. खरचटलेल्या गुडघ्यावर खपली धरते तीच ही, फक्त ओल्या जागेत असल्यामुळे पांढरी दिसणारी. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत ती सुटू लागते, आणि रक्त येण्याचा धोका तेव्हा पुन्हा डोकं वर काढतो.

पुस्तकात हे सरळ वाटतं. घरात ते सरळ घडत नाही. पहिले दोन दिवस मुलगा बऱ्यापैकी होता. आता रोज उतार पडत जाईल असं आम्ही धरून चाललो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उलट वाढलं. तो घशाऐवजी कान दाबून रडायला लागला. “आई, कान दुखतोय. आतून.” ऑपरेशन घशाचं आणि दुखणं कानाचं, हे गणित काही केल्या सुटेना. डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की जीभ-घशाकडे जाणाऱ्या नसेचीच एक शाखा मधल्या कानात जाते, म्हणून घशातली कळ मेंदूला कानातली वाटते. कान ठणठणीत होता. कारण कळल्यानं त्याचं दुखणं काही कमी झालं नाही, पण माझा हात थरथरायचा थांबला, आणि औषध मोजायला तो हात लागणार होता.

मग त्यानं पाणी सोडलं. गिळताना दुखतं म्हणून प्यायचं नाही, प्यायलं नाही म्हणून घसा कोरडा पडतो, आणि कोरडा घसा आणखी दुखतो. या फेऱ्यातून मुलाला काढणं हेच त्या दिवसांतलं मोठं काम असतं. तांदळाची पेज, मऊ भात, ताक, शहाळ्याचं पाणी, जे जाईल ते. औषधाच्या पिचकारीतून गालाच्या आतल्या बाजूला थोडं पाणी सोडायचं आणि गिळेपर्यंत थांबायचं. कार्टून बघायचं असेल तर आधी एक घोट. सासूबाई म्हणायच्या, “अगं, राहू दे. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा, उठवू नकोस.” त्यांचं काळीज तुटत होतं आणि माझंही. पण दुखण्याचं औषध वेळेवर गेलं नाही, तर तो जागा होतो तेव्हा कळ टिपेला पोचलेली असते, मग औषधही गिळवत नाही. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला त्याला उठवायचं. हा कठोरपणा मायेतच मोडतो.

एकदा पाणी पिताना ते नाकातून बाहेर आलं. तो भेदरला, आम्हीही. टॉन्सिल काढल्यावर टाळूच्या मागच्या भागाची हालचाल काही दिवस नीट होत नाही, म्हणून काही मुलांच्या बाबतीत असं होतं. आवाजही नाकात बोलल्यासारखा येतो. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत आपोआप सुधारतं, लांबलं तर दाखवून घ्यावं. पण त्या क्षणी आईच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, आणि तो फार जुना आहे. हे ऑपरेशन करायलाच हवं होतं का? संमतीपत्रावरची सही तर माझीच.

या प्रश्नानं वैद्यकशास्त्रालाही पुष्कळ छळलं आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, तर त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना ‘गरज नाही’ म्हटलं होतं ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली, त्यांनी पुन्हा जवळपास निम्म्यांना सांगितलं. तिसऱ्या फेरीतही तसंच झालं. म्हणजे निर्णय मुलाच्या घशापेक्षा डॉक्टरांच्या सवयीवर ठरत होता. पुढे पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली मोजपट्टी आजही वापरात आहे. वर्षभरात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी तीन वेळा घसा चांगलाच धरला असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. टॉन्सिल इतके मोठे असतील की मुलाचा झोपेत श्वास अडकतो, तर ते कारण वेगळं आणि तेवढंच भक्कम. ‘करायचं का?’ हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना खुशाल दहा वेळा विचारावा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. ऑपरेशननंतर उशाशी बसून तोच प्रश्न स्वतःला विचारत राहण्यात काही हशील नाही. त्यानं मुलाच्या पोटात घोटभर पाणीही जात नाही.

आता त्या रात्रीबद्दल. खपली सुटण्याचे दिवस होते. मुलगा गाढ झोपलेला होता, पण गिळत होता. थोडं थांबायचा आणि परत गिळायचा. झोपलेलं माणूस इतकं गिळत नाही. ऑपरेशननंतर सुट्टी देताना नर्सनं बजावलं होतं, “मूल झोपेत सारखं गिळत असेल तर आधी उठवून तोंड बघा.” त्याला उठवून बसवलं, पांढऱ्या तसराळ्यात थुंकायला लावलं. थुंकी ताज्या रक्तानं लाल झाली होती.

घरात एकदम गलका झाला. कोणी बर्फ काढला, कोणी म्हणालं सकाळपर्यंत वाट बघू. आम्ही त्याला बसत्या स्थितीत पुढे वाकवून धरलं, काही खायला-प्यायला न देता दवाखान्यात नेलं. उपाशी अशासाठी की पुन्हा भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. सलाईन लागलं, रक्त तपासलं. सुदैवानं रक्त आपोआप थांबलं, पुन्हा थिएटरात न्यावं लागलं नाही. रात्रपाळीचे डॉक्टर म्हणाले, “आलात ते बरं केलंत. थांबलेलं रक्त बघून घरी पाठवणं मला परवडतं. तुम्ही घरी थांबून राहणं परवडत नाही.”

इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत, मुलं आणि मोठी माणसं मिळून, सुमारे ३४ हजार टॉन्सिल ऑपरेशनं नोंदवली गेली. त्यांत रक्तस्राव झालेले शंभरात साडेतीन, आणि पुन्हा थिएटरात न्यावे लागलेले शंभरात एकाहूनही कमी. या आकड्याचा मला लागलेला अर्थ असा की रक्त येणं ही आमच्या नशिबाची खास वाकडी चाल नव्हती. घशाच्या सर्जनला ती ओळखीची गोष्ट आहे, तिच्यावर काय करायचं हे त्याला ठाऊक आहे. फक्त मूल वेळेत त्याच्यापुढे पोचलं पाहिजे, आणि ते काम घरच्यांचं.

त्या वॉर्डात मुलांच्या कॉटखाली सतरंज्या टाकून आया झोपल्या होत्या. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या बऱ्याच रुग्णालयांत आजारी मुलाला भेटण्याच्या वेळा अगदी मोजक्या असत. आई आली की मूल रडतं, म्हणून तिनं येऊच नये, असा हिशेब होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकटं राहावं लागलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला. दिवसागणिक गप्प होत जाणारी ती मुलगी पाहून तिथल्या डॉक्टरांत मोठी खळबळ माजली. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानं आईबापांना मुलांजवळ मोकळेपणानं येऊ द्यावं अशी शिफारस केली. आपल्याकडची सतरंजीवरची आई मात्र अनेकदा गर्दीचा भाग म्हणून हिणवली जाते. खरं तर त्या वॉर्डातली ती सगळ्यात जागरूक पहारेकरी असते. मूल नेहमी कसं झोपतं, कसं गिळतं, कुठल्या आवाजात खोटं ‘बरंय’ म्हणतं, हे तिच्याइतकं कुठल्याही यंत्राला कळत नाही.

दवाखान्यातून परत आल्यावर आम्ही फ्रिजवर एक कागद चिकटवला. औषधाच्या वेळा, किती प्यायला, लघवी कधी झाली, ताप किती. रात्रीचा पहारा नवऱ्यानं आणि मी वाटून घेतला, कारण दोघंही झोपेवाचून अर्धमेले झालो तर औषधाचा डोस चुकायला वेळ लागत नाही. सासूबाईंकडे पेजेचं खातं दिलं, आणि त्यांचा धीर परत आला. थोरल्या मुलीनं भावाला गोष्टी वाचून दाखवायचं काम घेतलं. भीती सगळ्यांनाच होती, पण रिकामी बसली की ती घर खाते. तिला काम दिलं की तिचीच जाग होते.

जाग ठेवणं म्हणजे येईल तो सल्ला आणि दिसेल ते औषध मुलाच्या तोंडात ओतणंही नव्हे. तुरटी लावा, मधात हळद द्या, असं सांगणारी मायेची माणसं असतातच. त्यांना चहा द्यावा आणि सल्ला डॉक्टरांपुढे ठेवावा. कपाटात उरलेल्या खोकल्याच्या औषधांबाबत तर विशेष जपावं. त्यांपैकी काहींत कोडीन असतं. शरीरात त्याचं मॉर्फिन होतं, आणि काही मुलांमध्ये ते इतक्या झपाट्यानं होतं की श्वास मंदावतो. म्हणूनच टॉन्सिल काढलेल्या मुलांना कोडीन देऊ नये, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये दिला. अ‍ॅस्पिरिनही नको, त्यानं रक्त गोठायला उशीर होतो. दुखण्याचं औषध तेवढंच, जेवढं मुलाचं वजन पाहून डॉक्टरांनी लिहून दिलं आहे.

आणि मुलाशी खरं बोलावं. ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य मूल एका दिवसात खोटं पाडतं, मग आपल्या पुढच्या शब्दाला किंमत उरत नाही. ‘दुखेल. मध्ये एकदा जास्तही दुखेल. मग कमी होत जाईल. आम्ही इथेच आहोत.’ एवढं त्याला कळतं आणि पुरतं. माझा मुलगा शेवटी शेवटी स्वतःच आरशात घसा बघून ‘खपली गेली’ असं जाहीर करायला लागला होता.

आज सकाळी तुमच्यापैकी कुणाच्या घरी घशाचं ऑपरेशन झालेलं मूल अंथरुणात असेल, तर आधी त्याला दोन घोट पाणी पाजा. औषधाची वेळ बघा. आणि तोंडातून ताजं रक्त आलं, उलटीत रक्त किंवा काळपट गुठळी दिसली, झोपेत ते सारखं गिळत राहिलं, श्वासाला त्रास झाला, किंवा पाणीच पिईना आणि लघवी बंद झाली, तर शेजाऱ्यांचं मत घेऊ नका, सकाळ होण्याची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी तडक दवाखाना गाठा.