कंडक्टरचा जिना

लंडनच्या दुमजली बसवर दोघांची पाळी एकच, रस्ता एकच, धूर आणि धुकंही एकच. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक सगळा वेळ स्टिअरिंगमागे बसून काढायचा. कंडक्टर तिकिटं देत खालून वर आणि वरून खाली करायचा. दिवसाकाठी त्याच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या होत. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९४९मध्ये या दोघांच्या हृदयविकाराचा हिशोब मांडायला घेतला आणि १९५३मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. झालाच तर उशिरा होत होता, आणि दगावण्याचं प्रमाणही कमी होतं.

शंकेखोर वाचक म्हणेल, मुळात जाडजूड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? ही शंका मॉरिस यांनाही होती. त्यांनी गणवेशाच्या नोंदी उघडल्या आणि विजारींच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा तरुणपणापासूनच रुंद निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय एकट्या जिन्याला देता येत नाही. पण टपाल खात्यातही तोच कल दिसला होता: पायी किंवा सायकलवर पत्रं वाटणारे एकीकडे, टेबलाशी बसणारे दुसरीकडे. पुढच्या सत्तर वर्षांत देशोदेशीच्या संशोधनाने चालत्याफिरत्या शरीराच्या बाजूनेच कौल दिला आहे.

मला या गोष्टीत खरी मौज वाटते ती वेगळीच. त्या कंडक्टरांपैकी कुणी आरोग्यासाठी पायऱ्या चढत नव्हता. कुणी पाडव्याला संकल्प सोडला नव्हता. प्रवासी वर बसले होते, त्यांचे पैसे घ्यायचे होते, म्हणून चढणं भाग होतं. आपल्या मुंबईच्या डबलडेकरला तर दोन कंडक्टर असत, एक वर नि एक खाली. तेवढाही जिना आपण वाचवला.

जिन्याच्या पायरीसारख्या लहान गोष्टी एकेकट्या पाहिल्या तर हसू येतं. दिवसाला तीन कप चहा, कपात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर रोजची तीस ग्रॅम, आणि वर्षाची जवळजवळ अकरा किलो. एवढी साखर कुणी पोत्यात भरून समोर ठेवली आणि म्हणालं, वर्षभरात एकट्याने संपवा, तर आपण हात जोडू. चमच्याचमच्याने ती बिनबोभाट पोटात जाते. दिवाळीच्या चार दिवसांतल्या करंज्या-चकल्यांना आपण उगाच बोल लावतो. खरा हिशोब उरलेल्या ३६१ दिवसांच्या चहाचा असतो.

‘मी तर बारीक आहे’ ही आपली लाडकी पळवाट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच, ती बंद केली. सोबत होते लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांनी आपलं छायाचित्र छापलं. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम काय, तर रोज सकाळी रुग्णालयात लिफ्टचं दार बंद होण्याआधी पळत जाऊन ती पकडणं. हे त्याच लेखात मिश्किलपणे नोंदवलेलं आहे.

पण त्याच जागी त्यांनी आणखी एक नोंद केली: याज्ञिक यांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं. इथे विषय लिफ्टच्या पलीकडे जातो. त्यांच्याच चमूने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आहार पाहिला. ज्या बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जन्मतः आकाराने मोठी होती. कमी वजनाने जन्मलेल्या बाळाला मोठेपणी मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका अधिक, हेही आता पक्कं झालं आहे.

आता विचारू, गरोदर बाईच्या ताटात काय पडायचं, ही निवड कुणाची? ज्या घरात पुरुष आणि पोरं जेवून उठल्यावर बाई बसते, त्या घरात तिच्या वाट्याला कढईच्या तळाशी उरलेला रस्सा येतो. मेथीची जुडी संपलेली असते. पातेल्यात दूध चहापुरतंच असतं. हे तिने ठरवलेलं नसतं. घराच्या रीतीने ठरवलेलं असतं. त्याची किंमत पन्नास वर्षांनी दुसरंच शरीर मोजतं.

म्हणून ‘जीवनशैली सुधारा’ हा उपदेश मला अर्धवट वाटतो. बारा तास खुर्चीवर पहारा देणाऱ्या वॉचमनला तो कसा करायचा? जिथे फुटपाथवर दुचाक्या उभ्या आहेत, तिथे आजीने संध्याकाळी फिरायचं कुठून? आमच्या इमारतीत लिफ्टला आरसा आहे, पंखा आहे. जिन्यात दिवा नाही. दुसऱ्या मजल्यावर कुणाची तरी मोडकी सायकल आणि कुंड्या आहेत. अशा ठिकाणी लिफ्ट घेणाऱ्याला आळशी म्हणणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही.

मनाचा निग्रह आठवड्याभरात थकतो. वस्तूंची मांडणी थकत नाही. टेबलावरून साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला की दुसरा चमचा आपोआप विसरला जातो. जिना उजळ आणि मोकळा झाला की दोन मजल्यांसाठी कुणी बटण दाबून ताटकळत नाही. अशी निवड एकदाच करावी लागते आणि तिचं फळ रोज मिळतं.

यंदा पाडव्याला संकल्प करायचाच असेल, तर सोसायटीच्या सभेत जिन्यातल्या दिव्याचा ठराव मांडा. आणि घरी, स्वयंपाक करणारीचं ताट पहिल्या पंगतीत मांडा.