क्रयविक्रयातील नफा आणि धर्मबुद्धी

शेतकरी धान्य पिकवितो, विणकर सुताचे वस्त्र करितो, कुंभार मातीला घटाचा आकार देतो. या तिघांच्या प्राप्तीविषयी कोणी शंका घेत नाही. कारण त्यांच्या श्रमाची मुद्रा वस्तूवर उमटलेली असते. परंतु जो मनुष्य बाजारात एखादी वस्तू विकत घेतो आणि तिच्यात तिळमात्र फरक न करिता तीच अधिक मोलाने दुसऱ्यास विकतो, त्याचा नफा कशाचे फळ समजावयाचे? तो न्याय्य मोबदला आहे, की दुसऱ्याच्या गरजेवर बसविलेली पट्टी आहे? मध्ययुगीन युरोपात या प्रश्नाने धर्मशास्त्रज्ञ, राजे आणि नगरसभा यांना शतकानुशतके विचारात पाडले होते. त्या विचाराची वाटचाल गीतेच्या अभ्यासकालाही उद्बोधक वाटेल.

आरंभीचे मत अत्यंत कठोर होते. इ. स. ११४०च्या सुमारास ग्रेशियनने जो धर्मनियमांचा संग्रह सिद्ध केला, त्यात पुढे समाविष्ट झालेल्या एका वचनाचा आशय असा : वस्तू जशी घेतली तशीच, अखंड व अविकृत, नफ्यासाठी विकणारा पुरुष म्हणजे येशूने मंदिरातून हाकलून दिलेला व्यापारीच होय. कच्चा माल घेऊन त्यातून काही घडविणारा मात्र या दोषातून मुक्त. त्याच शतकातील गॉड्रिकचे चरित्र याच मताची साक्ष देते. तो प्रथम गावोगाव फिरणारा फेरीवाला होता. पुढे समुद्रमार्गे व्यापार करू लागला. एका देशात स्वस्त असलेली वस्तू, ती जेथे दुर्मिळ असे तेथे नेऊन त्याने पुष्कळ धन मिळविले. अखेर ते सारे टाकून तो इंग्लंडात डरहॅमजवळ फिंकल येथे एकांतात राहिला आणि इ. स. ११७० मध्ये तेथेच त्याने देह ठेविला. मोक्षमार्ग धरावयाचा तर दुकान सोडले पाहिजे, असा त्या काळचा समज होता.

परंतु इ. स. ११९९ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. इटलीतील क्रेमोना नगरीचा होमोबोनस नावाचा कापडव्यापारी इ. स. ११९७ मध्येच निवर्तला होता. त्याला तिसऱ्या इनोसंट पोपने संतपद दिले. होमोबोनस अरण्यात गेला नव्हता. प्रपंचात राहून, व्यवसाय सांभाळून तो दीनदुबळ्यांस साहाय्य करीत असे. तेव्हा दोष व्यापारात आहे की व्यापाऱ्याच्या वृत्तीत, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नाही.

त्याचे शास्त्रीय उत्तर टॉमस ॲक्विनसने इ. स. १२७१-७२च्या सुमारास दिले. त्याच्या मते, केवळ नफ्यासाठी नफा मिळविण्यात स्तुत्य असे काही नाही, कारण लोभाला सीमा नसते. तथापि नफा हा स्वभावतः पापही नाही. कुटुंबाचे माफक पोषण, गरजूंस साहाय्य किंवा जनतेला आवश्यक वस्तूंचा पुरवठा हा हेतू असेल आणि नफा श्रमाचे वेतन म्हणून घेतला जात असेल, तर व्यापार धर्म्य ठरतो. स्थळकाळाच्या भेदाने मोल बदलले असेल किंवा माल दूर नेण्यात धोका पत्करला असेल, तर अधिक किंमत घेण्यास हरकत नाही. ग्रेशियनच्या संग्रहाने वस्तूकडे पाहिले होते; ॲक्विनसने कर्त्याकडे पाहिले.

नगरांचे कायदे मात्र अंतःकरण पाहू शकत नव्हते. म्हणून त्यांनी काळ आणि अंतर मोजले. माल बाजारात पोचण्यापूर्वी वाटेतच गाडी अडवून तो उचलणे आणि बाजारात घेतलेला माल तेथेच चढ्या भावाने विकणे, हे दोन्ही अपराध मानले गेले. लंडनमध्ये सेंट पॉलच्या मंदिरातील सकाळची घंटा वाजेपर्यंत पुनर्विक्रीसाठी अन्नपदार्थ घेण्यास मनाई असे. घरासाठी घेणाऱ्या गृहस्थाची पाळी आधी. इ. स. १५५२च्या कायद्याने तर स्पष्टच ठरविले की, बाजारात घेतलेले धान्य चार मैलांच्या आतील बाजारात पुन्हा विकणारा दोषी होय. (हा कायदा १७७२ मध्ये रद्द झाला आणि या अपराधांचा उरलेला अंश १८४४ मध्ये मिटला.) या चार मैलांत मोठा अर्थ आहे. ज्याने वस्तू दूरच्या गरजूपर्यंत नेली त्याने काही सेवा केली. ज्याने ती जागची हलविलीच नाही, त्याने फक्त मोल वाढविले.

याचे प्रमाण त्याच लंडनात मिळते. इ. स. १४१९ मध्ये संकलित झालेल्या तेथील नगरनियमांच्या ग्रंथात दारोदार पाव विकणाऱ्या गरीब स्त्रियांचा उल्लेख आहे. भटाऱ्याकडून बारांच्या किमतीत तेरा नग घ्यावेत आणि तेरावा आपला नफा समजावा, अशी त्यांना मुभा होती. त्याही घेऊन विकणाऱ्याच. पण त्यांच्या पायपिटीने पाव घराच्या उंबरठ्यापर्यंत येत असे.

नुसत्या दंडाने मात्र धर्म उभा राहत नाही, हेही त्याच इतिहासात दिसते. इ. स. १३१५च्या आरंभी इंग्लंडच्या पार्लमेंटने गुरे, मेंढ्या, कोंबड्या, अंडी यांचे कमाल भाव ठरवून दिले. त्याच वर्षी अतिवृष्टीने पिके बुडाली आणि घोर दुष्काळ पडला. ठरीव भावाने विकण्यापेक्षा न विकणे लोकांना बरे वाटले. माल बाजारातून नाहीसा होऊ लागला. पुढच्याच वर्षी तो नियम मागे घ्यावा लागला.

भारतीय शास्त्रकारांनी या दोन्ही अंगांचा विचार केलेला आढळतो. खरेदी करून लगेच विकणाऱ्या वाण्याला याज्ञवल्क्यस्मृतीने स्वदेशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा मान्य केला आहे. संगनमताने भाव बिघडविणाऱ्यांस मोठा दंड सांगितला आहे. ही झाली राजाची बाजू. कर्त्याची बाजू शांतिपर्वात आहे. तपस्वी जाजलीला तपाचा गर्व झाला, तेव्हा त्याला ज्ञानासाठी वाराणसीच्या तुलाधाराकडे जावे लागले. तो तुलाधार काही घडविणारा कारागीर नाही. दुसऱ्याच्या हातून वस्तू घेऊन, कपट न करिता, त्या विकणारा दुकानदार आहे. सर्व भूतांविषयी समान राहणारा त्याचा तराजू हेच त्याचे तप होय.

गीतेने अठराव्या अध्यायात वाणिज्याला स्वभावजन्य कर्मांत स्थान दिले आणि आपापल्या कर्मानेच ईश्वराची पूजा करून सिद्धी मिळते, असे सांगितले. तिसऱ्या अध्यायात मात्र केवळ स्वतःसाठी शिजविणारा पाप भक्षण करितो, असा इशाराही दिला. या दोन वचनांमध्ये व्यापाऱ्याची कसोटी आहे. सुगीत धान्य साठवून टंचाईत कोठार उघडणारा थांबतो. टंचाईतही भाव आणखी चढावा म्हणून कोठार बंद ठेवणाराही थांबतोच. बाहेरून कर्म एकच. पण पहिल्याने यज्ञाचे चक्र चालू ठेविले, दुसऱ्याने ते रोधले.

ॲक्विनसने एक प्रसंग कल्पिला आहे. धान्य महाग असलेल्या गावी एक व्यापारी पोचतो. मागून आणखी धान्य येत आहे, हे त्यालाच ठाऊक आहे. त्याने ते सांगितलेच पाहिजे का? न्यायाने तो तसा बांधलेला नाही, असे ॲक्विनस म्हणतो. पण सांगेल किंवा भाव उतरवील तर त्याचा सद्गुण अधिक. न्याय जेथे थांबतो तेथून गीतेचा लोकसंग्रह सुरू होतो. त्या व्यापाऱ्याला कोणताही कायदा पकडू शकत नाही. म्हणूनच त्या क्षणी तो जे करील, त्यावरून तो धान्याचा धनी आहे की लोभाचा दास, हे ठरेल. गिऱ्हाइकापुढचा तराजू राजाला तपासता येतो. अंतःकरणातला तराजू ज्याचा त्यानेच धरावयाचा असतो.