करवतीचे दात

ब्रिटिश हातकरवतीचे वय ठरवताना आपण खरे तर कोणाची तारीख शोधत असतो? जयपूरला, वैशाली नगरमधल्या आमच्या घरी अशी एक करवत आहे, आजोबांनी मुंबईच्या चोर बाजारातून आणलेली. तिचा शोध घेताना हा प्रश्न मला चिकटला.

मुठीच्या पितळी बिल्ल्यावर राजचिन्ह आहे आणि ‘वॉरंटेड सुपीरियर’ एवढीच अक्षरे. हमी आहे, देणाऱ्याचे नाव नाही. असे बिल्ले असंख्य करवतींवर सापडतात, त्यामुळे बाकीचे अंग वाचावे लागते. मुठीचे पितळी स्क्रू लाकडाशी सपाट आणि मधोमध खाच असलेले असतील तर करवत बहुधा जुनी. फुगीर माथ्याचे नंतरचे. पात्यावर ठोकलेली अक्षरे आधीची, आम्लाने कोरलेली मागाहूनची. कारखानदाराचे नाव मिळाले, तर शेफिल्डच्या जुन्या व्यापारी सूचींतून पत्ते आणि भागीदारीतले बदल ताडून काही वर्षांपर्यंत पोचता येते.

शब्दांवर मात्र फार विसंबू नये. ‘कास्ट स्टील’ वाचले तर इतके नक्की, की पाते बेंजामिन हंट्समनने 1740च्या दशकात मुशीत पोलाद वितळवले त्यानंतरचे. पण ‘जर्मन स्टील’ किंवा ‘लंडन स्प्रिंग’ असे छापलेली पातीही शेफिल्डमध्येच बनत. ती नावे पोलादाच्या प्रतीची. पुढे परदेशी मालावर ‘शेफिल्ड’ छापून येऊ लागले, तेव्हा याच गावाने ओरड केली आणि 1887चा मर्चंडाइज मार्क्स कायदा झाला. मला याची गंमत वाटते.

आमच्या करवतीवर गंजाखाली कोरीव अक्षरांची पुसट सावली आहे. पॉलिशपेपर मारला की तीही जाईल. पण मला अडवले ते दातांनी. इंग्रजी करवत पुढे ढकलताना कापते, आपल्याकडची पारंपरिक करवत ओढताना. हिचे दात मुठीकडे झुकलेले आहेत. कुणा सुताराने कानस घेऊन एकेक दात उलटा घासला असणार. संग्राहक याला बिघाड म्हणेल आणि दात ‘मूळ’ दिशेला आणायला सांगेल. तसे केले तर शेफिल्डची तारीख शाबूत राहील आणि ज्या दिवशी ही करवत कुणा कारागिराच्या हाताला आली, तो दिवस पुसला जाईल. त्याची तर कोणत्याच सूचीत नोंद नाही. शिवाय धार लावताना पाते दर वेळी थोडे झिजते, म्हणजे ज्या करवतीने काम केले तिच्याकडेच पुरावे कमी. दुकानातून न हललेलीला भाव जास्त, हे मला न्यायाचे वाटत नाही.

दार दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींनी ती उचलून दातांवरून अंगठा फिरवला. ‘‘आंटीजी, इसे रेत दूँ?’’

धार लावा म्हटले, दातांची दिशा आहे तीच ठेवून. अक्षरांच्या सावलीला मात्र त्यांना हात लावू दिला नाही.