नकाराचा अधिकार

मागणे आणि घेणे या दोन्ही क्रियांकडे भारतीय परंपरेने काहीशा साशंकतेनेच पाहिले आहे. धर्मशास्त्रांनी दानाची थोरवी वर्णिली, त्याचबरोबर प्रतिग्रहाचे, म्हणजे दान स्वीकारण्याचे, धोकेही सांगितले. घेणारा देणाऱ्याच्या ऋणात बांधला जातो. म्हणून अयाचित वृत्तीने जगणारा श्रेष्ठ मानला गेला. मात्र या श्रेष्ठत्वाला एक अट आहे. ती इतकी स्वाभाविक आहे की तिचा सहसा उच्चारही होत नाही. नकार देणारा आणि त्या नकारापायी उपाशी राहणारा, हे दोघे एकच असले पाहिजेत. नैसर्गिक आपत्तीनंतर एखादी निरंकुश राजवट परदेशी मदत नाकारते, तेव्हा मोडते ती हीच अट.

चीनमधील तांगशान हे औद्योगिक शहर २८ जुलै १९७६ च्या पहाटे भूकंपाने जमीनदोस्त झाले. संयुक्त राष्ट्रांसह अनेकांनी देऊ केलेली मदत चिनी शासनाने स्वावलंबनाचा हवाला देऊन नाकारली. सुमारे २,४२,००० हा मृतांचा अधिकृत आकडा जगाला कळला तो १९७९ मध्ये. मदतीचा नकार आणि माहितीचा नकार येथे हातात हात घालून आले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या दोहोंमधील नाते ब्रह्मदेशात अधिक स्पष्ट झाले. २ मे २००८ रोजी नर्गिस हे चक्रीवादळ इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळले. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १,३८,००० माणसे गेली. लष्करी राजवटीने मदत सरसकट नाकारली नाही. शेजारी भारताच्या नौदलाची जहाजे मदत घेऊन तेथे पोहोचली, काही देशांची विमानेही उतरू दिली गेली. राजवटीची भूमिका अशी होती की सामान चालेल, माणसे नकोत. डॉक्टर आणि मदतकार्यातील तज्ज्ञ प्रवेशपत्राची वाट पाहत राहिले. दरम्यान १० मे रोजी, वादळानंतर अवघ्या आठवड्याभरात, नव्या संविधानावरील सार्वमत पार पडले. सर्वाधिक फटका बसलेल्या भागांपुरते तेवढे ते २४ मेपर्यंत पुढे ढकलले गेले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी थान श्वे यांची भेट घेतल्यावर, २३ मे रोजी, मदतकर्त्यांना प्रवेश देण्याचे मान्य झाले. तांदळाचे पोते काही पाहत नाही; माणूस पाहतो आणि परतल्यावर सांगतो. राजवटीला धास्ती होती ती या पाहणाऱ्या डोळ्यांची.

तथापि राजवटीची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. ब्रह्मदेशाने वसाहतीचे दास्य भोगले होते. किनाऱ्यापासून काही अंतरावर अमेरिकी आणि फ्रेंच युद्धनौका मदत घेऊन उभ्या होत्या, आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार कुशनेर संमतीविनाही मदत पोहोचविण्याची भाषा करीत होते. बलाढ्यांच्या करुणेत सत्तेचा अंश मिसळलेला असू शकतो, हा संशय निराधार म्हणता येणार नाही. सार्वभौमत्व हे दुबळ्या राष्ट्राचे कवच असते.

परंतु हे कवच नेमके कोणाच्या अंगावर होते? या प्रश्नाचे उत्तर देशातल्या देशात मिळाले. यांगूनमधील सामान्य माणसे, भिक्षू, कलावंत स्वतःच्या पैशाने तांदूळ घेऊन खोऱ्यात निघाले. शेकडो स्वयंसेवकांचे असे कार्य उभे करणारा विनोदी नट झारगनार याला जून २००८ मध्ये अटक झाली. त्याला दीर्घ कारावास ठोठावण्यात आला. सुटका झाली ती ऑक्टोबर २०११ मध्ये. हा माणूस परदेशी नव्हता, त्याच्यामागे कोणतीही युद्धनौका उभी नव्हती. स्वदेशीयांचीच मदत गुन्हा ठरते, तेव्हा स्वावलंबनाचा युक्तिवाद गळून पडतो. त्याच सुमारास एका सरकारी वृत्तपत्राने लिहिले की परदेशी चॉकलेटवाचून खोऱ्यातील शेतकरी जगू शकतात. रात्री दिवा घेऊन बाहेर पडले की त्यांना बेडूक मिळतात. हे लिहिणाऱ्याला ते बेडूक शोधायला जायचे नव्हते.

लोकशाही राष्ट्रेही मदत नाकारतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर भारताने परकीय सरकारांचे साहाय्य घेतले नाही. २०१८ च्या केरळमधील महापुरानंतरही केंद्र शासनाने तेच धोरण राखले. पण त्या वेळी केरळचे राज्य शासन उघडपणे विरोधात बोलले, वृत्तपत्रांनी वाद घातला, संकटग्रस्तांना आपले गाऱ्हाणे मांडता आले. निर्णय बरोबर होता की चूक, याविषयी दुमत राहील. परंतु तो घेणाऱ्यांना जाब विचारण्याची वाट खुली होती. तांगशानच्या वा इरावतीच्या माणसाला ती नव्हती.

निरंकुश राजवटीच्या नकारात तत्त्व किती आणि सोय किती, हे काळच दाखवून देतो. तांगशानमध्ये मदत नाकारणाऱ्या चीनने मे २००८ मध्ये सिच्वानच्या भूकंपानंतर जपानी बचावपथकाला प्रवेश दिला. ब्रह्मदेशातील लष्करी राजवटीनेही मार्च २०२५ च्या भूकंपानंतर जगाला मदतीचे आवाहन केले. मदत घेतल्याने या राष्ट्रांचा स्वाभिमान लोपला, असे कोणी म्हणाले नाही.

स्वाभिमान हा सद्गुण खराच. पण त्याची किंमत ज्याने त्याने स्वतः मोजायची असते. इरावतीच्या चिखलात पिण्याच्या पाण्यासाठी ताटकळलेल्या आईला नकाराचा अधिकार होता. तो तिने वापरला नाही. तिच्या वतीने दुसऱ्याच कोणी, तिला न विचारता, तो वापरला.