सुटलेले ऋण आणि गेलेली पत

सुरतेच्या कापडबाजारात एखादा व्यापारी देणी न देता पेढी बंद करून गेला, की त्याचे 'उठमणं' झाले असे म्हणतात. माणूस मेल्यानंतर भरते त्या शोकसभेलाही गुजरातीत हाच शब्द आहे. आपण मराठीत दिवाळे म्हणतो. जुन्या काळी बुडालेला व्यापारी भरदिवसा पेढीत दिवा लावून ठेवी, त्यावरून तो शब्द आला असे सांगतात. बुडणे चारचौघांना कळावे, अशी खूण दोन्ही शब्दांत आहे. मात्र शोकसभा आटोपली की लोक घरोघर जातात आणि मेलेल्याचा प्रश्न उरत नाही. बुडालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीत जिवंत असतो. त्याने पुढे कसे उभे राहावे आणि आपण त्याच्याशी कसे वागावे, याविषयी आम्हांस वाचकांशी थोडे बोलावयाचे आहे.

आमच्या डिंडोलीत हा प्रश्न पुस्तकी नाही. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून उधना-जळगाव रेल्वेने आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. कोणी लूमवर आहे, कोणी भरतकामाची मशीन चालवितो, घरोघरी बाया साड्यांना लेस आणि टिकल्या लावतात. हा सारा धंदा उधारीवर चालतो. परगावचा दुकानदार रिंग रोडवरच्या व्यापाऱ्याकडून माल उधार नेतो, व्यापारी विणणाऱ्याकडून उधार घेतो, विणणारा सूतवाल्याकडून. आणि सर्वांत खाली मजुरीची वाट पाहणारे घर असते. वरची एक कडी तुटली की खालच्या साऱ्या ओढल्या जातात. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत, २०१७ च्या जुलैत जीएसटीवरून बाजार बंद राहिला तेव्हा, आणि २०२० च्या टाळेबंदीत हे डिंडोलीने पाहिले. "फोन बंद शे," एवढे अहिराणी वाक्य कानी आले, की कोणाचे तरी पैसे बुडाले हे गल्लीला समजते.

आता असा एक माणूस कल्पू या. त्याने बँकेचे कर्ज काढून भरतकामाच्या दोन मशिनी घेतल्या. व्यापारी बुडाला, जॉबवर्कचे पैसे आले नाहीत, हप्ते थकले, आधीच्या क्रेडिट कार्डावरही रक्कम साचली. त्याने मशिनी विकल्या, बायकोचे दागिने मोडले आणि जमेल तेवढे भरून बँकेशी तडजोड केली. उरलेले बँकेने सोडून दिले. तो गावी पळून गेला नाही. आज तो दुसऱ्याच्या मशिनीवर कारागीर आहे, भाडे वेळेवर देतो, मुलांची फी भरतो. आता एक जुनी मशीन घेण्यासाठी तो बँकेत जातो, आणि तेथील भाऊ पडद्यावर पाहून मान हलवितात.

पडद्यावर एक आकडा असतो. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली, पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला. आज अशा चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येक कर्जदाराची पत त्या ३०० ते ९०० यांच्या दरम्यानच्या एका आकड्यात सांगतात. ज्या खात्यावर बँकेने कमी रकमेत तडजोड केली, त्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढचा 'क्लोज्ड' हा शेरा निराळा. नवा कर्ज देणारा हा फरक पाहतो. आकड्याला एक गोष्ट नेमकी ठाऊक असते, ती ही की पैसे वेळेवर आले नाहीत. देता आले नाहीत की द्यावयाचे नव्हते, हे त्याला कळत नाही. आमच्या कल्पिलेल्या माणसाचा आणि मुद्दाम फोन बंद करून गेलेल्या व्यापाऱ्याचा आकडा सारखाच असू शकतो.

कायद्याने मात्र हा फरक फार पूर्वी ओळखला होता. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आजही सामान्य माणसाच्या दिवाळ्याला लागू पडतो. त्यात नादार ठरलेल्या माणसाला स्थानिक संस्थांच्या निवडणुकीतील पदे घेता येत नाहीत. परंतु त्याची नादारी गैरवर्तनाने नव्हे तर दुर्दैवाने आली, असा दाखला ऋणमुक्तीच्या हुकुमाबरोबर न्यायालयाने दिला, तर ही अपात्रता दूर होते. तसेच ज्याची मालमत्ता देण्याच्या मानाने रुपयामागे आठ आणेही भरत नाही, त्याला पूर्ण मुक्ती सहसा मिळत नाही. मात्र तूट त्याच्या दोषाने आली नाही असे त्याने न्यायालयाला पटवून दिले, तर मिळू शकते. इंग्रजी अमदानीतला हा रुक्ष कायदा, पण माणूस कसा बुडाला हे विचारण्याची तसदी तो घेतो. २०१६ च्या नव्या संहितेत अगदी गरीब ऋणकोंसाठी 'नवी सुरुवात' नावाची तरतूद लिहिली गेली: वर्षाचे उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशांसाठी. पण व्यक्तींविषयीचा तो भाग डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच अमलात आणला गेला. डिंडोलीतल्या कारागिराच्या हाती त्यातले काही आले नाही. तसे पाहता आपल्यातले फार थोडे लोक कोर्टाची पायरी चढतात. बहुतेकांचे दिवाळे कागदावर येतच नाही, आणि म्हणून दुर्दैवाचा दाखलाही त्यांस कोणी देत नाही.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठी ख्रिस्ती लोक दर रविवारी 'ऋण' हाच शब्द उच्चारतो. त्यामुळे ऋण सोडण्याविषयी आपल्यात मतभेद नसावा. परंतु ऋण सोडणे आणि पुन्हा विश्वास टाकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी ऋण सोडावे अशी आज्ञा आहे. तिच्या लगेच पुढे एक सावधगिरीची सूचना आहे: सातवे वर्ष जवळ आले, दिलेले बुडणार, असा विचार मनात आणून गरजू बांधवाला हात आखडू नये. म्हणजे ऋणमाफीमुळे देणारा बिचकेल, हे तेथेच जाणले होते. आणि तसे झालेही. पुढे हिल्लेल या यहूदी गुरूला 'प्रोजबूल' नावाची युक्ती काढावी लागली. ऋणपत्र न्यायसभेच्या हवाली केले म्हणजे सातव्या वर्षीही ते बुडत नसे, आणि त्यामुळे गरिबाला कर्ज मिळणे चालू राहिले. आपल्याकडेही १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, १८७९ साली दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, आणि त्यानंतर पुष्कळ सावकारांनी हात आखडता घेतला. आजचे गणित तर उलटेच दिसते. इस्राएलात सातव्या वर्षी ऋण विसरले जाई. आपल्या पतकंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी असा नियम आहे.

यावर काही बंधू म्हणतील की ख्रिस्ती माणसाने पुन्हा कर्जाच्या वाटेस जाऊच नये. एकदा पोळला ते पुरे झाले. हा उपदेश आम्ही व्यासपीठावरूनही ऐकला आहे. पगारदार माणसाला तो पाळणे सोपे आहे. ज्याचे पोट जॉबवर्कवर आहे, त्याला मूल आजारी पडले की आज रात्री पैसे लागतात. बँकेने दार लावले असेल, तर गल्लीच्या टोकाला रोजच्या वसुलीवर पैसे देणारा बसलेलाच असतो, आणि तो आकडा विचारीत नाही. म्हणून गेलेली पत परत मिळविण्याची धडपड आम्हांस लोभाची वाटत नाही. घराला संकटात प्रामाणिक दार उघडे ठेवण्याची ती खटपट आहे.

तिचा एक चालू मार्ग असा. बँकेत थोडी मुदत ठेव ठेवावी आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्यावे. ठेवीच्या साधारण ८० ते ९० टक्के मर्यादा मिळते. कार्डावर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच खर्च करावा, आणि मुदतीच्या आत पूर्ण बिल भरावे. महिने जातात तसा आकडा सावकाश चढतो. यात बँकेने माणसावर विश्वास टाकला असे म्हणवत नाही. तिचा विश्वास ठेवीवर आहे. तरी थोडक्यात विश्वासू राहण्याची नोंद होते, आणि ती नोंद पुढे ठेवीवाचूनही बोलते. धोका एकच, पण मोठा. बिलावर 'किमान देय रक्कम' छापलेली असते, आणि तेवढी भरली म्हणजे भागले असे वाटते. समजा १०,००० रुपये थकले आहेत, व्याज महिना साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम ५०० रुपये. त्यातले ३५० व्याजात गेले, व्याजावरच्या जीएसटीत ६३ गेले, मुद्दलातून उतरले अवघे ८७. असे भरणारा माणूस वर्षानुवर्षे हप्तेकरी राहतो. ज्याला पूर्ण बिल भरण्याची खात्री नाही त्याने कार्ड घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

बुडून उभे राहिलेल्यांची उदाहरणे सांगताना थोर नावे पुढे येतात. १८३१ साली सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद १८६५ च्या मुंबईतल्या शेअरबाजाराच्या कोसळीत सर्वस्व गमावून बसले, आणि पुन्हा दलालीत उभे राहिले. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांची प्रकाशनसंस्था १८९४ साली बुडाली. कायद्याने पूर्ण फेड करण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. तरी त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर जगभर व्याख्याने दिली, १८९६ च्या जानेवारीत मुंबईतही दिली, आणि १८९८ पर्यंत सर्व धनकोंचे देणे चुकविले. हे वाचून मन भरून येते. परंतु ट्वेन यांच्या पाठीशी एक धनाढ्य स्नेही होते, जे धनकोंशी बोलले आणि ज्यांनी पैशांची व्यवस्था पाहिली. विश्वास टाकणारा आधी भेटला आणि फेड मागाहून झाली. आपल्या कारागिराला जगभर फिरून व्याख्याने देता येत नाहीत. सोडलेली रक्कम थोडी थोडी भरून 'सेटल्ड'चे 'क्लोज्ड' करून घेणे त्याला शक्य आहे, आणि ज्याला जमेल त्याने ते करावे. कायद्याने सुटलेल्या देण्यातून आपण मनाने सुटलो की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. पण मशीन नसता ही रक्कम तो कशातून भरणार?

येथे कोणीतरी आधी पुढे व्हावे लागते. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात पौलाने अनेसिमाचे काही देणे असेल तर ते आपल्या नावे मांडावे असे कळविले, आणि आपल्या हाताने तसे लिहून दिले. उलटपक्षी नीतिसूत्रांत जामीन राहणाऱ्याला एकाहून अधिक वेळा इशारा दिला आहे. दोन्ही शास्त्रवचनेच आहेत. आम्हांस वाटते की पौलाने अनेसिमाला जवळून ओळखले होते, त्याच्याबरोबर दिवस काढले होते, यातच उत्तर आहे. अनोळखी माणसाच्या कागदावर भिडेखातर सही करणे हा मूर्खपणा होय, आणि त्यात अनेक घरे धुपली आहेत. पण ज्याच्या घरी आपण जातो, ज्याची मुले आपल्या शब्बाथशाळेत बसतात, तो कसा बुडाला हे आपल्याला ठाऊक असते. बँकेच्या पडद्याला जे दिसत नाही ते आपल्याला दिसते. मग दोघातिघांनी मिळून त्याच्या मुदत ठेवीत थोडी भर घालावी, किंवा त्याच्याबरोबर बसून पतीचा अहवाल तपासावा. तो प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. एवढे तरी जामीन न राहताही करता येते.

आणि एक बाब मंडळीच्या घरातली. दरवर्षी वार्षिक सभेत पंच आणि खजिनदार निवडले जातात. गल्लीत ज्याचे दिवाळे निघाले त्याचे नाव त्या सभेत कोणी सुचवीत नाही. त्याच्या हातात दानपात्रही क्वचितच दिले जाते. कोणी काही बोलत नाही, म्हणून त्याला विचारताही येत नाही. १९२० चा कायदा निदान दाखल्याची वाट ठेवतो. आपल्याकडे तो कोणी मागावा आणि कोणी द्यावा, हेच ठरलेले नाही. दानाची मोजणी दोघे करतात, बँकेच्या खात्यावर दोन सह्या लागतात, तेव्हा पैशाचा धोका फारसा नाही. पुढील वार्षिक सभेच्या आधी पाळकसाहेबांनी आणि पंचांनी हा विषय एकदा सभेपुढे काढावा, आणि तो माणूस सभेत बसलेला असताना काढावा, अशी आमची विनंती आहे.