हातमोजा घालण्याआधी

सिस्टर, ड्युटी सुरू व्हायला थोडा वेळ असेल तर बसा. दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवा आणि त्यांच्याकडे नुसतं बघा. या हातांनी आजवर किती सलाईन लावली, किती नाड्या पाहिल्या, याचा हिशोब नको. एवढंच ध्यानात घ्या, की त्वचेवर पडलेलं सगळंच बाहेर राहत नाही. काही गोष्टी आत जातात, आणि जाताना कळतही नाही.

यवतमाळ जिल्ह्याला हे नव्यानं सांगायला नको. २०१७च्या खरिपात कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. त्या दाट वावरात, पावसाळी उकाड्यात मजूर पाठीवर पंप घेऊन कीटकनाशक फवारत चालले आणि फवारा त्यांच्याच तोंडावर, छातीवर, घामानं ओल्या सदऱ्यावर पडत राहिला. जिल्ह्यात २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. हे विष त्यांनी प्यायलं नव्हतं. ते श्वासातून गेलं, कातडीतून गेलं. त्या दिवसांत तुम्ही वॉर्डात असाल तर टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, गळणारी लाळ आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागणारं ॲट्रोपिन तुमच्या डोळ्यांसमोर असेल.

इथे थोडं थांबू या. श्वास सावकाश होऊ द्या.

आता वॉर्डातलं दुसरं विष मनात आणा. छोट्या वायलमध्ये येणारं. डॉक्सोरुबिसिनचा लालभडक रंग, सायक्लोफॉस्फामाइडची पांढरी पूड, पाण्यासारखं दिसणारं सिस्प्लॅटिन. कर्करोगाच्या रुग्णाला लावली जाणारी ही केमो. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, बेल्जियमच्या रणभूमीवर मस्टर्ड गॅस वापरला गेला. त्यानं भाजलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. त्याच निरीक्षणाचा धागा धरून १९४२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्या वायूचा रासायनिक भाऊबंद, नायट्रोजन मस्टर्ड, लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिला गेला. सायक्लोफॉस्फामाइड याच घराण्यातलं. आणि फवारणीतली ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं? १९३०च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होते आणि १९३६ साली त्यांच्या हाती टाबुन हा युद्धात वापरण्याजोगा विषारी पदार्थ लागला. एक रसायन युद्धातून दवाखान्यात आलं, दुसरं शेताच्या शोधात युद्धापर्यंत गेलं. दोन्ही आज या एकाच जिल्ह्यात माणसांच्या हातात आहेत.

पण दोन्हींत एक फरक आहे, आणि मननाचा गाभा तोच आहे. फवारणीचं विष काही तासांत बोलतं. चक्कर येते, डोळ्यांपुढे धूसर होतं, माणूस धुऱ्यावर येऊन बसतो. केमोचा थेंब तसा बोलत नाही. मनगटावर पडतो, सुकतो, आणि संध्याकाळी तुम्ही घरी जाऊन भाकरी थापता. त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

म्हणूनच हा प्रश्न लक्षात यायला जगाला वेळ लागला. १९७९ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी केमो हाताळणाऱ्या परिचारिकांची लघवी तपासली. तिच्यात जनुकांमध्ये बदल घडवण्याची क्षमता दिसली. या औषधांना हात न लावणाऱ्यांच्या लघवीपेक्षा जास्त. या स्त्रियांना कर्करोग नव्हता, त्यांना कुणी केमो लावली नव्हती. तरी तिची खूण त्यांच्या लघवीत दिसत होती. १९८५ साली फिनलंडच्याच परिचारिकांवरचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधं हाताळणं आणि गर्भ न टिकणं यांचा संबंध त्यात दिसला.

रुग्ण हे विष का घेतो? त्याच्या बदल्यात त्याला आयुष्य मिळण्याची शक्यता असते. केस गळतील, उलट्या होतील, रक्त उतरेल. हे सगळं तो पत्करतो, कारण पलीकडे काहीतरी आहे. सिस्टर, तुमच्या त्वचेतून गेलेल्या थेंबाच्या बदल्यात तुम्हाला काय मिळतं? काहीही नाही. रुग्णासाठी डोस मोजता येतो. तुमच्यासाठी योग्य डोस एकच, शून्य. हा विचार थोडा वेळ मनात राहू द्या. सेवा म्हटली की झळ सोसायचीच, असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं. ही झळ मात्र सोसल्यानं रुग्णाचं तसूभरही भलं होत नाही.

आता डोळे मिटून मनातल्या मनात एक काम करा. वायल हातात घ्या. पण त्याआधी हातमोजे आहेत का पाहा: एकावर एक दोन जोड्या, पावडर नसलेले, केमोसाठी तपासलेले. आतल्या जोडीची कड गाऊनच्या बाहीखाली, बाहेरच्या जोडीची बाहीवर. वायल अजून उघडलेलीही नाही आणि हातमोजे घातले, कारण कारखान्यातून आलेल्या वायलच्या बाहेरच्या काचेवरही औषधाचा अंश सापडतो. पुडीत सलाईन सोडा. आतली हवा दबते. सुई तशीच ओढली तर बारीक फुसकारा बाहेर येतो. डोळ्यांना न दिसणारं ते धुकं तुमच्या नाकाशी असतं. म्हणून सलाईन सोडताना थोडी हवा आधी सिरिंजमध्ये परत ओढून घ्यायची, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवायचा. सिरिंज काठोकाठ भरायची नाही.

आणि आता ती सवय आठवा, जी नर्सिंगच्या पहिल्या वर्षात लागली. सिरिंज उभी धरायची, टिचकी मारायची, हवा काढताना सुईच्या टोकावर एक थेंब येऊ द्यायचा. हजारो इंजेक्शनांत हा थेंब बरोबर होता. केमोत तोच चुकीचा आहे. तसंच सलाईनच्या नळीचं. नळी केमोनं भरून टोकाला थेंब सोडायचा नाही. आधी साध्या सलाईननं भरायची, मग औषधाची पिशवी जोडायची. पिशवीत स्पाईक घालताना ती डोक्यावर टांगलेली नको. मला वाटतं, या प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. नवं शिकणं सोपं असतं. हात आपसूक जे करतात ते थांबवायला अनेक दिवस सराव लागतो, आणि तो सराव खऱ्या रुग्णाच्या खाटेशी होऊ नये.

तो कसा करतात, तेही सांगते. वायलमध्ये औषधाऐवजी चमकणाऱ्या रंगाचं पाणी भरतात. सिस्टर नेहमीसारखी सगळी तयारी करते. मग खोलीत अंधार करून अतिनील दिवा लावतात. मनगटावर, बाहीवर, टेबलाच्या कडेवर, कधी कपाळावर केस सावरताना लागलेल्या बोटाच्या जागी ठिपके उजळतात. न दिसणारं दिसतं. तासाभराच्या भाषणानं जे होत नाही ते या दिव्यानं होतं. आणि तिथे कुणी कुणाला रागवायचं नसतं. ठिपके मोजायचे, पुन्हा करायचं.

काम झालं. हातमोजे काढा, आतली बाजू बाहेर येईल अशा रीतीनं. मग साबण आणि पाणी. सॅनिटायझर नको, तो जंतूंसाठी आहे, केमो त्यानं नष्ट होत नाही. रिकामी वायल पिवळ्या पिशवीत, सायटोटॉक्सिक असं लेबल लावून. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ती १२०० अंशांहून जास्त उष्णतेत जाळायची असते.

आता मन खोलीबाहेर न्या. खाटेखालचं भांडं उचलणाऱ्या मावशींकडे. केमो लागल्यावर साधारण ४८ तास रुग्णाच्या लघवीत, शौचात, उलटीत औषध असतं. मावशींना हे कुणी सांगितलं आहे का? चादरी धुणाऱ्याला? आणि केमो घेऊन एसटीनं घाटंजीला, आर्णीला, झरी-जामणीला परत जाणाऱ्या बाईच्या सुनेला? त्या घरी आज रात्री सासूचे उलटीनं भरलेले कपडे सून उघड्या हातांनी इतर धुण्यात घालणार आहे. तिला सांगायला हवं: हातमोजे घाल, कपडे वेगळे धू, संडासात दोनदा भरपूर पाणी टाक, आणि पोटुशी असशील तर हे काम दुसऱ्याला करू दे. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. प्रशिक्षणात मावशींना बाहेर ठेवलं, नातेवाइकांना विसरलं, तर ते अर्धंच झालं.

इथे पुन्हा त्या वावराकडे जाऊ. २०१७नंतर अनेकांनी मजुराकडे बोट दाखवलं: मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत. पण त्या दमट उकाड्यात, रोजंदारीवर, प्लास्टिकचा अंगरखा घालून दिवसभर पंप वाहायचा कसा, आणि तो अंगरखा त्याला दिला कुणी, हे फार थोड्यांनी विचारलं. मला त्या बोट दाखवण्याची चीड येते. कारण दवाखान्यातही तेच होऊ शकतं. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पंखा बंद, अंगावर न भिजणारा गाऊन, तोंडावर एन-९५. कुणी सिस्टर दहाव्या मिनिटाला गाऊन सैल करेल आणि नोंद होईल की तिनं नियम पाळला नाही.

धोक्यापासून वाचवण्याचा क्रम उलटा लावून चालत नाही. आधी जैवसुरक्षा कॅबिनेट, जिथे हवा वरून खाली वाहते आणि औषधाचे कण सिस्टरकडे येत नाहीत. ते ठेवायला वातानुकूलित, वेगळी खोली. मग थेंब बाहेर येऊच न देणारी बंद जोडणी. मग शिकवलेली पद्धत, पुरेसा वेळ, पुरेशी माणसं. हातमोजा सगळ्यात शेवटी येतो. तो शेवटचा आधार आहे, आणि आपण तोच पहिला आणि एकटा करून ठेवतो, कारण तो स्वस्त आहे. गरोदर किंवा बाळाला पाजणाऱ्या सिस्टरला ही ड्युटी बदलून मागता यावी, मागताना मान खाली घालावी लागू नये. आणि पहिल्या काही आठवड्यांत दिवस गेल्याचं तिचं तिलाही माहीत नसतं. म्हणून संरक्षण सगळ्यांना, सगळ्या दिवशी हवं.

हे आत्ताच बोलायला हवं. १ फेब्रुवारी २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांमध्ये कर्करोगाची डे-केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली. रुग्णांसाठी हे मोठं काम आहे. दर केमोसाठी वणी, पुसद, उमरखेडहून नागपूर किंवा सेवाग्राम गाठणं, एका फेरीत मजुरीचे दोन दिवस बुडवणं, यातून घरं मोडतात. केमो जवळ यायलाच हवी. ती आली की आणखी वायल तुमच्या हातात येतील.

तेव्हा सिस्टर, ज्या दिवशी केमोच्या वॉर्डात तुमचं नाव लागेल त्या दिवशी इनचार्ज सिस्टरना, मेट्रनना, अधीक्षकांना विचारा: कॅबिनेट कुठे आहे, त्याची तपासणी शेवटची कधी झाली, सांडलं तर वापरायचा संच कोणत्या कपाटात आहे, माझं आणि मावशींचं प्रशिक्षण कधी आहे. उत्तर मिळेपर्यंत वायल उघडू नका. आणि वाचकहो, तुमचं माणूस त्या खाटेवर असेल आणि सिस्टर कॅबिनेटसाठी अडून बसली असेल, तर तिच्यावर ओरडू नका. तिच्या बाजूनं उभं राहा आणि अधीक्षकांकडे तुम्हीही अर्ज द्या.